नाथाच्या वहाणा पायात

ऋषिराजला देवाकडं स्वतःसाठी काही मागायची लाज वाटायची. आता यावरून तो देवधर्म न मानणारा असेल असं कुणाला वाटेल, तर तसं मुळीच नव्हतं. दर रविवारी आंघोळ करून तो नाथाच्या देवळात जायचा, नारळ फोडायचा, कपाळाला अंगारा लावायचा आणि हात जोडून एवढंच म्हणायचा, "नाथा, वीरूला सांभाळ." वीरू म्हणजे त्याचा धाकटा भाऊ वीरधवल. फौजेत होता आणि गेली दोन वर्षं सरहद्दीवर बर्फात उभा होता. भाऊ तिकडं खांद्याला बंदूक लावून उभा असताना, इकडं पंख्याखाली खुर्चीवर बसून पगार घेणाऱ्या माणसानं देवाला सांगायचं तरी काय? मला फोन फार येतात, हे?

फोन मात्र खरंच फार यायचे. उंब्रजवरून आत वळलं की ऊस, त्यानंतर ऊस आणि त्याच्याही पुढं ऊस लागतो, त्या उसाच्या पोटात वडजाईवाडी आहे. गावाबाहेर माळावर विजेचं सबस्टेशन आहे आणि ऋषिराज तिथला ऑपरेटर. आजूबाजूच्या सगळ्या गावांची लाइट त्याच्या हाताखालून जाते, असं त्याची आई शालूबाई पाहुण्यांना कौतुकानं सांगायची. त्यात कौतुक किती आणि ताप किती, हे ऋषिराजलाच ठाऊक. लाइट गेली की फोन. आली आणि कमी दाबानं आली तरी फोन. रात्रपाळीची लाइट असली तर उसाला पाणी पाजणारा चिखलातून फोन करून आईबहिणीचा उद्धार करायचा, आणि दिवसाची असली तर पिठाच्या गिरणीवाला. शिव्यांची सवय होते हो माणसाला. एका कानानं ऐकायच्या, दुसऱ्या कानानं सोडायच्या. ऋषिराजला पोखरत होती ती दुसरीच गोष्ट.

त्याच्या मनात कायम एक खांब असायचा आणि त्या खांबावर चढलेला वायरमन. लाइन बंद आहे असं ऑपरेटरनं सांगितलं की त्या एका शब्दावर भरवसा ठेवून माणूस तारेला हात घालतो. ऋषिराजच्या हातून आजवर चूक झाली नव्हती. पण झाली तर? हा 'तर' एकदा डोक्यात शिरला आणि निघायचं नावच घेईना. जेवता जेवता घास हातात धरून तो थांबायचा. "मी शेतीची लाइन बंद करून आलो का गं?" बायको संयोगिता म्हणायची, "मला काय ठाऊक?" मग तो उष्ट्या हातानं सबस्टेशनला फोन लावायचा. तिथं दुसरा ऑपरेटर बिराप्पा असायचा. तो जतकडचा, कर्नाटकाच्या हद्दीवरचा, भारी शांत गडी. "बंद हाय की रं. जेव की निवांत," म्हणायचा. ऋषिराज फोन ठेवायचा, पण जेवण तिथंच संपायचं.

अंग उतरलं, डोळे खोल गेले. कराडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, टेन्शन घेऊ नका. टेन्शन कुणी दुकानातून घेऊन येत नसतं, ते आपणहून येऊन मांडीवर बसतं, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार? गोळ्या मात्र दिल्या, त्या संपल्या, आणि खांब तिथंच राहिला.

"देवाला तरी सांगा की जरा," संयोगिता एकदा म्हणाली.

"काय सांगू? खुर्चीवर बसून भ्या वाटतंय म्हणू?"

शालूबाई चुलीपुढून बोलल्या, "नगं गं बाय. त्येला काय एवढंच काम हाय व्हय? वीरूकडं ध्यान असू दे त्येचं. हितं आपुन निभावतोय की."

ऋषिराजला ते पटलं. देवाचं लक्ष म्हणजे उन्हाळ्यातलं पाटाचं पाणी, आपण आपल्या वाफ्यात वळवून घेतलं तर भावाचा वाफा कोरडा राहायचा, असा काहीसा हिशोब त्याच्या मनात बसला होता. चांगल्या माणसांची डोकी कधी कधी अशी वेडीवाकडी चालतात.

आता नाथाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. वडजाईवाडीचा नाथ म्हणजे भैरवनाथ रात्री गावातून फेरी मारतो, अशी गावाची श्रद्धा आहे. घोड्यावरून वगैरे नाही, पायी. म्हणून दर वर्षी चैत्रातल्या जत्रेला त्याला नवीन कातडी वहाणा वाहतात. गाभाऱ्यात पायाशी ठेवलेल्या त्या वहाणांचे तळ वर्षभरात झिजतात, असं सगळे सांगतात. जत्रेच्या दिवशी नाथाजी गुरव जुन्या वहाणा बाहेर काढतो, त्यांना गुलाल-बुक्का लावतो आणि मानकऱ्याच्या डोक्यावर देतो. सगळ्यांत पुढं त्या वहाणा, त्यामागं उंच उंच सासनकाठ्या, त्यामागं पालखी, अशी मिरवणूक नदीपर्यंत जाते. देवाच्या वहाणा पुढं झाल्याशिवाय पालखी उंबरा ओलांडत नाही. आजवर कधी ओलांडली नाही.

काठ्या चांगल्या दोन माळ्यांएवढ्या उंच, टोकाला तांब्याचा कळस. नि चावडीच्या वळणावर रस्त्यावरून विजेची मोठी तार आडवी जाते. म्हणून मिरवणुकीच्या वेळी लाइट बंद ठेवायची पद्धत. यंदा ऋषिराजनं सकाळीच बिराप्पाला बजावून ठेवलं होतं, "बाराला गावची लाइन बंद कर. मी फोन केल्याबिगर चालू करायची न्हाई." आणि जत्रेचा दिवस म्हणून नवा शर्ट, नवा पायजमा, पायात कोल्हापुरी अशा थाटात तो देवळात आला होता.

बाराला देवळातले पंखे थांबले. लाइट गेली. बाहेर ढोल आणि हलगी सुरू झाली, काठ्या उभ्या राहिल्या, "नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं" अशी आरोळी उठली. गाभाऱ्यासमोर रेटारेटी चालली होती. ऋषिराज हात जोडून उभा राहिला, "वीरूला सांभाळ" म्हणाला आणि नेहमीप्रमाणं वळणार, तोच काय झालं कुणास ठाऊक. कित्येक रात्रींची झोप तुटलेली, उकाडा, गुलाल नाकात गेलेला. त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "आणि माझ्याकडं बी बघ रं बाबा. डोकं फुटायची पाळी आलीया. कुठंतरी चुकंन मी."

चुकंन म्हणाला आणि त्याला चूक दिसली.

गावात लाइनी दोन. एक घरांची, ती गावची. दुसरी शेतातल्या मोटारींची. चावडीवरची मोठी तार इतकी वर्षं गावच्या लाइनवर होती. पण मागच्या वळवाच्या वादळात खांब पडला, तेव्हा ती तार तात्पुरती शेतीच्या लाइनला जोडली होती. जोडताना सबस्टेशनात खुर्चीवर कोण होतं? ऋषिराजच होता. आणि या आठवड्यात शेतीला दिवसाची लाइट होती. म्हणजे देवळातला पंखा बंद पडला होता, घराघरातले दिवे गेले होते, साऱ्या गावाला वाटत होतं तार मेलेली आहे, आणि चावडीवरची तार जिवंत होती.

त्यानं खिशातून फोन काढला. जत्रेच्या गर्दीत फोन लागतो कुठं? गर्दीतून वाट काढत तो दाराशी आला. पहिली काठी पेलून धरली होती शंभूराजनं. हा शंभूराज म्हणजे जत्रेचा पुढारी, छाती घागरीएवढी, आवाज त्याहून मोठा. ऋषिराज त्याच्या कानाशी ओरडला, "थांबा! तार चालू हाय!"

"आं?"

"चावडीवरची तार! चालू हाय!"

"आरं गेली की लाइट! पंखं बंद पडल्यालं दिसंनात व्हय तुला?" शंभूराज हसला आणि त्यानं मूठभर गुलाल ऋषिराजच्या तोंडाला फासला. ढोलवाल्यांना वाटलं हा नाचायला आला, त्यांनी जोर केला. शेतीची लाइन कुठली नि गावची कुठली, हे त्या दणदणाटात समजावून सांगायचं म्हणजे दुसरा दिवस उजाडला असता. ऋषिराज पायरीवर आला, समोर दिसल्या त्या वहाणांत पाय सरकवले आणि धावत सुटला. मोटारसायकल देवळामागं लावलेली होती.

माळापर्यंतचा रस्ता त्यानं कसा कापला हे त्याला आजही सांगता येत नाही. एवढंच आठवतं की तो सारखा मागं वळून बघत होता, धूर दिसतो का, किंकाळी ऐकू येते का. काठ्या धरणाऱ्या सगळ्या पोरांची तोंडं एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढं येत होती. सबस्टेशनच्या फाटकाशी त्यानं गाडी स्टँडला न लावता तशीच टाकून दिली, खडीवरून धावत आत गेला आणि बिराप्पाला बाजूला सारून शेतीच्या लाइनचा ब्रेकर खाली घेतला.

"काय झालं रं?" बिराप्पा उठून उभा राहिला.

ऋषिराज भिंतीला टेकला. देवळापासून चावडी हाकेच्या अंतरावर. मिरवणूक निघून वळणावर पोचायला तो इथं पोचला त्याच्या निम्मासुद्धा वेळ लागत नाही. त्याला गणित कळत होतं. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असणार, आणि ते माझ्या हातून झालं असणार. वायरमन नव्हे, खांब नव्हे, सारं गावच तारेला लावलं मी.

तेवढ्यात फोन वाजला. संयोगिताचा होता. घ्यायला त्याचा हात उठेना. शेवटी बिराप्पानंच फोन घेऊन त्याच्या कानाला लावला.

"आवं, कुठं हाय तुमी? कवाधरनं लावतेय, आत्ता लागला!" ती ओरडून बोलत होती. "हितं लय गोंधळ झालाय! देवाच्या वहाणा चोरीला गेल्यात!"

"काठ्या कुठं हायत?"

"आवं वहाणा गेल्यात म्हणते मी! मामंजींच्या वेळेपासून असं कवा झालं न्हाई म्हणत्यात सगळी..."

"संयोगिता, काठ्या कुठं हायत?"

"कुठं असणार? देवळाच्या दारात! वहाणाबिगर पालखी हलती व्हय? एक पाऊल पुढं गेली न्हाई अजून."

ऋषिराज भिंतीवरून घसरत खाली फरशीवर बसला. आधी त्याला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. कुणालाही काहीही झालेलं नव्हतं. सगळी पोरं देवळाच्या दारात उन्हात घाम गाळत, चोराला शिव्या देत, अगदी धडधाकट उभी होती. जगात याहून गोड बातमी नव्हती.

बिराप्पा मात्र खाली बघत होता. "ऋषी," तो हळूच म्हणाला, "तू कुणाच्या घातल्यास रं ह्या?"

ऋषिराजनं पायांकडं पाहिलं. अंगठ्यावर लाल गोंडे, पट्ट्यावर जरीची नक्षी, आणि वरून गुलाल. त्याच्या साध्या कोल्हापुरी देवळाच्या पायरीवर राहिल्या होत्या. नाथाजी गुरवानं देवाच्या वहाणा बाहेर ठेवल्या असतील, बुक्क्याची वाटी आणायला आत गेला असेल, आणि हा त्या पायात घालून पळाला होता. देवाच्या वहाणा. ज्या माणसं डोक्यावर घेतात, त्या यानं पायात घालून गिअर मारले होते.

त्यानं विस्तव लागल्यासारखे पाय बाहेर काढले. हात पाठीमागं घेऊन वहाणांकडं बघत राहिला. मग अंगातला नवा शर्ट काढला, त्यात वहाणा गुंडाळल्या, डोक्यावर ठेवल्या आणि शर्टाच्या बाह्या हनुवटीखाली गाठ मारून बांधल्या. बिराप्पाला म्हणाला, "दोन्ही लाइनी बंद ऱ्हाऊ देत. कुणाचा बी फोन येऊ दे." आणि बनियनवर, अनवाणी, डोक्यावर गाठोडं बांधून तो मोटारसायकलवरून गावाकडं निघाला. वाटेत भेटलेल्या बाईनं त्याला बघून म्हशीची दोरी सोडून दिली म्हणतात.

देवळापुढं तो उतरला तेव्हा ढोल थांबलेले होते. शंभूराजचा आवाज सगळ्या गावावर चालला होता, "ज्यानं नेल्या त्यानं आणून ठेवाव्या, न्हाईतर..." आणि मग त्याला बनियनमधला ऋषिराज दिसला. गर्दी आपोआप बाजूला झाली. ऋषिराजनं गाठोडं सोडलं, वहाणा पायरीवर ठेवल्या आणि डोकं टेकलं.

"मी घालून गेलो," तो म्हणाला. "चुकून. आणि दुसरी चूक ह्याच्याहून मोठी हाय, ती बी सांगतो."

त्यानं सांगितलं. वादळ, पडलेला खांब, बदललेली जोडणी, आपलं विसरणं, सगळं. काहीही लपवलं नाही. सांगत होता तेव्हा माणसं एकेक करून मान वळवून चावडीच्या वळणाकडं बघत होती. तिथं ती तार होती, रोजच्यासारखी, तिच्यावर एक कावळा बसलेला. शंभूराजनं आधी तारेकडं पाहिलं, मग हातातल्या काठीच्या कळसाकडं, मग काठीच्या दोऱ्या धरून उभ्या असलेल्या पोरांकडं. त्यांत त्याची दोन पोरं होती.

"तू सांगाय आला हुतास," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच गावानं बारीक ऐकला. "मी तुज्या तोंडाला गुलाल फासला."

"व्हय."

शंभूराजनं काठी दुसऱ्याच्या हाती दिली आणि पायरीवर मटकन बसला.

घोळक्यातून कुणीतरी म्हणालंच, माणसं गप्प बसतात का कधी, "पर देवाच्या वहाणा पायात घातल्या, त्येचं काय? दोष लागंल गावाला." मग सगळ्यांनी नाथाजी गुरवाकडं पाहिलं. म्हातारा बुक्क्याची वाटी हातात घेऊन मघापासून उभा होता. तो खाली वाकला, एक वहाण उचलली, उलटी केली. तळाला सबस्टेशनच्या अंगणातली खडी रुतून बसली होती.

"कसला दोष?" तो म्हणाला. "देव रोज रातीला हिंडतोय म्हणता न्हवं तुमी? मग कशापायी हिंडत असंल? हवा खायाला? आज दिवसाढवळ्या गेला, एवढाच काय तो फरक. शिवंपतुर जातोय म्हाईत हुतं. सबस्टेशनापतुर बी जातोय, ते आज कळलं."

आता हा सगळा योगायोग होता, असंही म्हणता येईल. शहाणी माणसं म्हणतीलही, आणि त्यांच्याशी भांडायचं मला कारण नाही. पण ऋषिराजच्या आयुष्यात त्या दिवसापासून काय बदललं ते मी पाहिलं आहे. तो आता ताटावरून उठत नाही. फोनवरच्या शिव्या अजून तेवढ्याच येतात, आणि चूक होऊ नये म्हणून तो आताही दोनदा तपासतो. पण तपासून झालं की झालं. आपल्याशिवाय आणखी कुणाचं तरी इकडं ध्यान आहे, असं एकदा वाटलं की माणसाच्या मानेवरचं ओझं केवढं हलकं होतं. वीरूच्या वाट्याचं काही कमी झालं नाही, हे सांगायला नकोच. दिवाळीत येऊन तो पोटभर करंज्या खाऊन गेला.

पण ती पुढची गोष्ट. त्या दुपारी वहाणा मानकऱ्याच्या डोक्यावर चढायच्या होत्या आणि सगळं गाव ताटकळलं होतं. नाथाजीनं मात्र ऋषिराजचा हात धरला आणि त्याला आत गाभाऱ्यापुढं नेलं. संयोगिता आणि शालूबाई मागोमाग आल्या.

"मघा अर्ध्यावर टाकून पळालास," म्हातारा म्हणाला. "सांग आता."

ऋषिराज हात जोडून उभा राहिला. सवयीनं म्हणाला, "वीरूला..."

"वीरूचं त्येला पाठ हाय," नाथाजी म्हणाला. "तुजं सांग."

ऋषिराजनं आईकडं पाहिलं. शालूबाईंच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. त्यांनी पदर तोंडाला लावून मान हलवली, सांग म्हणून.

मग तो बोलायला लागला. आधी अडखळत, नंतर बांध फुटावा तसा. लाइन बंद केली तरी ती खरंच बंद आहे याची खात्री कशी वाटत नाही ते सांगितलं. घास कसा अडकतो ते सांगितलं. वरचा साहेब सगळ्यांसमोर कसा टाकून बोलतो, ट्रान्सफॉर्मरमधलं तेल कधीपासून बदलायचं राहिलंय, पावसात खोलीचं छत कुठं गळतं, खुर्चीचा एक पाय कसा लुळा आहे, तेसुद्धा सांगितलं. एवढ्याशा गोष्टी. इतकी वर्षं साठवून ठेवलेल्या.

बाहेर काठ्या उभ्या होत्या, पालखी उंबऱ्याच्या आत खांद्यावर होती, ऊन रणरणत होतं. कुणीतरी कुरकुरलं, तशी शंभूराजनं बोट ओठांवर ठेवलं. "बोलू द्या त्येला," तो म्हणाला. ढोलवाले जमिनीवर बसले.

ऋषिराजच्या पायजम्याच्या खिशात फोन वाजायला लागला. त्याला तो ऐकूही आला नाही. संयोगितानं हळूच हात घालून फोन काढला. पलीकडून कुणीतरी ओरडत होतं, उसाचं पाणी अर्ध्यावर राहिलंय, लाइट कवा येणार?

"जरा थांबा," ती म्हणाली. "देवासंगं बोलत्यात ते."